शेजारच्या सीटवरून

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी वही लिहायला सांगितली आहे. रक्तदाब वाढलाय, झोप नाही, म्हणून गोळ्या दिल्या आणि वर हे. रोज लिहायचं, पण फक्त स्वतःबद्दल. दुसऱ्या कोणाबद्दल एक ओळ नको. स्वतःकडे जरा बघा, म्हणाले. रोज दाढी करताना बघतोच की. आणखी किती बघू?

तर स्वतःबद्दल. मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. शाळा माझी स्वतःची आहे, गाड्या दोन. एकीवर मी शिकवतो, दुसरीवर माझी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. माझ्या गाडीवर आजवर एक ओरखडा नाही. शिकाऊ लोकांच्या हातातली गाडी आणि ओरखडा नाही, असा दुसरा माणूस दाखवा, मिशी उतरवून देईन. मेहुणीच्या गाडीचा एक पत्रा सरळ उरलेला नाही. मी तिला ठोकबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो. ती हसते.

झालं, दुसऱ्याबद्दल लिहिलंच.

५ फेब्रुवारी

काल मुद्द्याचं टाळलं. आज लिहितो.

गेल्या महिन्यात मुलीला अपघात झाला. एकुलती एक मुलगी. नोकरी करते. स्वतःच्या पगारातून जुनी गाडी घेतली, मला न विचारता, आणि पहिल्यांदाच एकटी ऑफिसला निघाली. पुलापलीकडच्या वळणानंतर कडेला ट्रक उभा होता. उभा, म्हणजे चालत नव्हता. लख्ख सकाळ, कोरडा रस्ता. ती सरळ जाऊन त्याच्यावर आदळली. पायाचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. बरगड्यांना मार बसला. वाचली, एवढंच.

हॉस्पिटलातून घरी यायची ती मावशीकडे गेली. म्हणजे ठोकबाईकडे. तिचं घर तळमजल्यावर आहे आणि आमच्याकडे जिने चढावे लागतात, हे कारण. कारण बरोबर आहे. पण बायकोही तिकडेच राहायला गेली आणि मी भेटायला गेलो की मुलगी झोपलेली असते. आजारी माणूस झोपतो, मान्य. पण माझा आवाज आला की टीव्ही बंद होतो आणि मगच झोप लागते, हा कुठला आजार?

शेवटी बायकोनं सांगून टाकलं. ती तुम्हाला भेटायचं नाही म्हणते. का, तर म्हणे, "बाबांनी मला शिकवलंच नाही."

मी शिकवलं नाही! बाकीच्यांना महिन्याभरात मोकळं करतो, हिला वर्षभर शिकवलं. कधी आवाज चढवला नाही. तिनं वेळेवर ब्रेक मारला की प्रत्येक वेळी शाबास म्हटलं. घरी येऊन हिच्या आईला सांगायचो, पोरीचा पाय म्हणजे सोनं आहे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

घरात भांडं पडलं तरी दचकायला दुसरं कोणी नाही. स्वयंपाकघरात दिवा लावून ठेवतो, तेवढंच कोणी असल्यासारखं वाटतं.

९ फेब्रुवारी

संत्री घेऊन गेलो. ठोकबाईनं दार उघडलं आणि दारातच उभी राहिली. भाऊजी, आत नका जाऊ, म्हणाली. मी विचारलं, एवढी रागावली आहे का? तर म्हणे, रागावलेली नाहीये. मग काय आहे? ती सांगेल तेव्हा सांगेल. माझ्याच शाळेत पगार घेते आणि मलाच दारात उभं करते.

बायको फाटकापर्यंत सोडायला आली. वाळली आहे. "अहो, तुम्ही जरा..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी वाक्य पूर्ण केलं, "स्वतःकडे बघा. सांगितलंय डॉक्टरांनी." तिला शब्द सापडायला वेळ लागतो, म्हणून तिची वाक्यं पहिल्यापासून मीच पूर्ण करतो. तिला वेगळंच काही म्हणायचं होतं की काय कोण जाणे. ती मान हलवून आत गेली.

संत्री माझ्याच हातात राहिली होती. घरी आल्यावर लक्षात आलं.

१४ फेब्रुवारी

माझ्याकडे शिकणाऱ्या बँकेतल्या बाई आज लायसन्सच्या परीक्षेत नापास झाल्या. दुसऱ्यांदा. रडल्या बिचाऱ्या. मलाही फार लागलं, कारण माझ्याबरोबर त्या सुरेख चालवतात.

डॉक्टर ही वही वाचणार नाहीत म्हणालेत, तरी समजा कोणी वाचली, तर गाडीचं सांगून ठेवतो. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. तिथे शिकवणारा बसतो. मी तो दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही खाली जातो, दोन्ही आतून जोडलेले असतात. अडीअडचणीला असावा, म्हणून नियमच आहे. मला तो सहसा लागत नाही. माझी माणसं वेळेवर थांबतात.

परीक्षेच्या दिवशी त्या सीटवर परीक्षक बसतो आणि मी बाहेर उभा राहतो. आणि नेमकं तेव्हाच यांना काय होतं, देव जाणे. माझ्याबरोबर थांबायच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे थांबणारा माणूस परीक्षकाबरोबर पट्टा ओलांडून पार पुढे जातो. घाबरतात. परीक्षकाचा चेहराच तसा आहे, एरंडेल प्यायल्यासारखा. ठोकबाईची माणसं मैदानात अडथळे म्हणून ठेवलेले रिकामे ड्रम उडवत शिकतात, गाडीचा पार डबा करतात आणि पहिल्या फटक्यात पास होतात. वशिला असणार, दुसरं काय.

मुलीच्या परीक्षेला मात्र मी ही भानगड होऊ दिली नाही. परीक्षकांना म्हटलं, पोर भित्री आहे, मला तिच्या शेजारी बसू द्या, तुम्ही मागे बसा. ओळखीचे होते, बसले. एकही चूक नाही, लगेच पास. अशी शिकवली होती मी तिला. हे तिला कोणीतरी आठवण करून द्यायला हवं.

२१ फेब्रुवारी

गाडी दुरुस्तीला टाकली होती. गॅरेजवाला हसायला लागला. म्हणे, साहेब, तुमच्या बाजूच्या ब्रेकच्या पेडलवरचं रबर पुन्हा टक्कल पडल्यासारखं झालंय, शिकणाऱ्याच्या बाजूचं अजून गाडीबरोबर आलेलं तेच आहे, नवंकोरं. मी म्हटलं, हल्ली मालच तसला येतो. एक जोडी धड नसते. नवं बसवून घेतलं.

अपघातानंतर मुलीच्या गाडीचे ब्रेकही त्यानंच तपासले होते. आज पुन्हा विचारलं. चांगले होते, म्हणाला. शपथेवर सांगतो, चांगले होते.

मग ती थांबली का नाही?

२ मार्च

आज जे केलं ते करायला नको होतं. त्या जागी जाऊन आलो.

रस्ता वळतो खरा, पण वळणानंतर लांबपर्यंत मोकळा आहे. तिथे उभं असलेलं काहीही न दिसणं शक्य नाही. मी चालत गेलो, चालत आलो. कडेला एका फळीवर पंक्चरवाला बसतो, त्यानं अपघात पाहिला होता. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, ताईंनी गाडी वेगात आणली नव्हती. ब्रेकचा आवाज आला नाही. चाक घासल्याची खूण रस्त्यावर तेव्हाही नव्हती. ताई समोर बघत होत्या, म्हणाला.

समोर बघत होती. ट्रक दिसत होता. ब्रेक चांगले होते. आणि तिनं ब्रेक मारला नाही.

मी तिथेच फळीवर बसलो. पंक्चरवाल्यानं पाणी दिलं. मनात जे आलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहायलाच सांगितलंय ना, तर लिहितो. माझ्या पोरीला जगायचं नव्हतं का?

६ मार्च

चार दिवस तेच डोक्यात. गोळी घेतो, पडून राहतो, तेच.

तिला कशाची कमी होती? मी आठवून आठवून बघतोय. दुसऱ्या शहरातली नोकरी तिला मिळत होती, त्याला झाली चार-पाच वर्षं. बॅग भरून झाली होती. मी एका शब्दानं अडवलं नाही. फक्त म्हटलं, मी स्टेशनवर सोडायला येणार नाही, मला बघवणार नाही. तिनं स्वतःच बॅग रिकामी केली. त्यानंतर तो फोटोग्राफर मुलगा. त्याला मी चहाला बोलावून दोन साध्या गोष्टी विचारल्या, तो पुन्हा आला नाही. तो टिकणाराच नव्हता. बायकोला शिवणाचा क्लास काढायचा होता, त्यातही मी तिला खड्ड्यात जाण्यापासून वाचवलं. या घरात कधी काही वाईट घडलं नाही, कारण मी डोळ्यात तेल घालून बसलेला असतो. पुढचं मला दोन मिनिटं आधी दिसतं. धंदाच तो आहे माझा.

मग हे का दिसलं नाही?

बायकोला फोन केला. विचारायचं होतं, ती कधी काही बोलली का, तसं काही. जेवलीस का, एवढं विचारलं आणि ठेवला. ठेवल्यावर पलंगाच्या कडेला बसून रडलो. या वयात असं हुंदके देऊन रडता येतं हे माहीत नव्हतं.

११ मार्च

दुष्काळात तेरावा महिना. पायाचा अंगठा सुजलाय, टोमॅटोसारखा लाल. युरिक ॲसिड म्हणे. चादर लागली तरी ब्रह्मांड आठवतं. तरी शिकवायला गेलो, घरात बसलो तर वेड लागेल.

आणि आज नेमकं सगळ्यांना काय झालं होतं? कॉलेजच्या पोरानं ड्रम उडवला. निवृत्त मास्तर कालपर्यंत कसे लोण्यासारखे थांबत होते, ते सरळ मैदानाच्या भिंतीला जाऊन टेकले. पुढचा दिवा फुटला. माझ्या गाडीचा! आयुष्यातला पहिला. ठोकबाई पलीकडून बघत होती. एरवी हसली असती, आज हसली नाही.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, तसा दिवस. चपलेत पाय मावेना, म्हणून मी दिवसभर सीटवर मांडी घालून बसलो होतो. नाहीतर त्या दोघांना वेळीच आवरलं असतं.

१२ मार्च

आज बँकेतल्या बाईंचा तास होता. मी पुन्हा मांडी घालूनच बसलो. मैदानात ड्रमच्या दिशेनं गाडी घेऊन चालल्या होत्या. मी म्हटलं, आता थांबा. त्या थांबेनात. पाय तर ब्रेकवर होता, मला दिसत होता. नुसता ठेवलेला. ड्रम उडाला, गडगडत गेला.

मी विचारलं, बाई, दाबला का नाहीत?

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, "सर, तो रोज आपोआप खाली जातो ना? आज गेलाच नाही."

मी म्हटलं, आपोआप कसा जाईल?

"तुम्ही दाबता ना. मग माझ्या पायाखालून तो खाली जातो. मला वाटलं, शिकवायची पद्धतच तशी आहे."

मी सांगितलं, मी कधीच दाबत नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी चेष्टा करतोय असं वाटलं असावं त्यांना. हळूच म्हणाल्या, सर, तुम्ही दर वेळी दाबता.

मी त्यांना घरी सोडलं. मग एकटा मैदानात गाडीत बसून राहिलो. शेजारच्या सीटवर, माझ्या नेहमीच्या जागी. ड्रमकडे बघितलं आणि मनात म्हटलं, समजा आता गाडी चालली आहे. सुजलेला पाय खाली सोडला. तो मी न सांगता गेला. कळ मस्तकात गेली तेव्हा मला कळलं की पाय ब्रेकवर आहे.

१३ मार्च

वर्षभर शाबास म्हणत होतो. वेळेवर दाबलास म्हणत होतो. परीक्षेलाही मीच शेजारी होतो. तिची परीक्षा मीच दिली.

लिहवत नाही.

१६ मार्च

आज गेलो. काठी टेकत गेलो, अंगठा अजून बरा नाही. ठोकबाईनं दार उघडलं. मी म्हटलं, तिला एवढाच निरोप दे, बाबांना ब्रेकचं कळलं. ती आत गेली, परत आली आणि बाजूला झाली.

मुलगी खिडकीपाशी खुर्चीत होती, पाय स्टुलावर. केस कापलेत. बारीक दिसत होती. मी बोलायचं काय काय ठरवून आलो होतो, सगळं विसरलो. म्हटलं, मी दाबत होतो गं, मला माहीतच नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून?

"पहिल्या आठवड्यापासून. मी पाय नेईपर्यंत तो खाली गेलेला असायचा. मग तुम्ही शाबास म्हणायचात."

सांगितलं का नाहीस, म्हटलं. तिनं स्टुलावरचा पाय हातानं उचलून नीट ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही इतके खूश असायचात, बाबा. घरी येऊन आईला सांगायचात. कसं सांगणार?"

बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. म्हणजे तिलाही माहीत होतं. ठोकबाईलाही असणार. माझं सुख सगळ्यांनी मिळून सांभाळलं होतं आणि मला वाटत होतं, मी यांना सांभाळतोय.

मग मी ते विचारलं. विचारल्याशिवाय जगता येणार नव्हतं. म्हटलं, त्या दिवशी ट्रक दिसला होता का तुला?

"दिसला."

मग मुद्दाम...? ती एकदम माझ्याकडे वळली, तिला कळलं मी काय विचारतोय. तिचा चेहरा मी विसरणार नाही. नाही बाबा, म्हणाली, तसं नाही, तसं काही नाही. आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी वाट बघत होते. तो खाली जायची."

मी तिथे जमिनीवरच बसलो. खुर्ची होती, पण बसलो जमिनीवर. ती रडत नव्हती, मीच रडत होतो. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवावा तसा. म्हणाली, मी रागावलेले नाही, रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही जवळ असलात की मी वाट बघते. पाणी प्यायचं झालं तरी वाट बघते, तुम्ही पी म्हणायची. तुमचा आवाज आला की माझा पाय गोठतो. म्हणून झोपायचे.

"काही दिवस येऊ नका," म्हणाली. "मला आधी शिकू दे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिला जगायचं होतं, आहे, हे कळलं. त्यासाठी मी देवापुढे लोटांगण घालायला तयार होतो. आणि ते कळलं त्याच तासाला हेही कळलं, की तिला जगायला मी लांब असायला हवा.

२५ मार्च

डॉक्टरांवर ओरडून आलो. म्हटलं, तुमचं औषध लागू पडलं. बघितलं स्वतःकडे. पूर्वी नुसती झोप येत नव्हती, आता घासही उतरत नाही. पूर्वी मी सुखी होतो. माझ्या गाडीवर ओरखडा नव्हता, माझी मुलगी हुशार होती, माझी बायको शांत होती. आता माझ्याकडे काय आहे? एक पाय आहे, ज्याच्यावर माझा विश्वास नाही.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी सुखी व्हाल असं म्हटलं नव्हतं.

बरं वाटेल म्हटलं होतंत, मी म्हटलं. तेवढ्यावर ते जरा ओशाळले. हो, ते म्हटलं होतं खरं, म्हणाले. मग त्यांनी रक्तदाब मोजला. जास्त होता. गोळी बदलून दिली.

येताना वाटेत विचार करत होतो. समजा कोणी म्हटलं, पुसून टाकतो तुझ्या डोक्यातलं, पुन्हा पहिल्यासारखा खूश हो. मी हो म्हटलं असतं. खरं सांगतो, आज दुपारी मी हो म्हटलं असतं. पण मग ती पुन्हा कुठेतरी वाट बघत बसली असती.

१२ एप्रिल

शिकवतोय. पोट भरायला हवं. मांडी घालून बसतो, अंगठा बरा झाला तरी. गुडघे बोंबलतात. तरी पाय सुटतो आणि खाली जातो, मग मीच माझ्या मांडीवर चापट मारतो. कॉलेजचं पोर हसतं.

भीती वाटते. इतक्या वर्षांत कधी वाटली नाही एवढी वाटते. गाडी ड्रमकडे निघाली की माझ्या तोंडचं पाणी पळतं. म्हणजे पूर्वीही एवढीच वाटत असणार, पण ती थेट पायात जात होती, डोक्यापर्यंत येतच नव्हती. आता येते. अडीअडचणीला दाबायचा ब्रेक आहे तो, तेव्हा दाबीनच. पण अडचण कुणाची, त्यांची की माझी, हे ठरवायला मला पहिल्यांदाच वेळ लागतोय.

गाडीचा पुढचा पत्रा चेपला. बँकेतल्या बाई पास झाल्या. पेढे द्यायला आल्या होत्या, मी घरात नाही असं शेजाऱ्यांना सांगायला लावलं. घरातच होतो. आनंदाचं तोंड दाखवायचं अजून जमत नाही.

बायको रविवारी येऊन जाते. आज "मला वाटतं," म्हणाली आणि नेहमीसारखी थांबली. मी दात आवळून गप्प बसलो. ती इतका वेळ थांबली की चहा निवला. मग म्हणाली, मला वाटतं मी आणखी थोडे दिवस तिकडेच राहते. मला बरं वाटतं तिकडे.

वाक्य पूर्ण होऊ दिलं की असं काहीतरी ऐकावं लागतं. म्हटलं, राहा.

३० एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही. दिवस ढकलतोय. मुलगी काठीशिवाय चालते म्हणे. म्हणे.

७ जून

सकाळी बायकोचा फोन आला. ती आज मैदानात गाडी चालवणार आहे, मावशीच्या गाडीवर. यायचं तर या. पण लांब उभे राहा, तिला दिसू नका.

गेलो. पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो, चोरासारखा. बायको तिथेच होती. मुलगी लंगडत आली, दार उघडून बसली. शेजारी ठोकबाई. ठोकबाईनं दोन्ही पाय वर सीटवर घेतले, ओसरीवर बसल्यासारखे.

गाडी आचके देत निघाली. ड्रमच्या दिशेनं. लांबून मला दिसत होतं, उशीर होतोय. आता. आता दाब. माझ्या घशापर्यंत आलं होतं ते. मी दोन पावलं टाकीमागून बाहेर आलोसुद्धा होतो. बायकोनं मला धरलं नाही, काही म्हटलं नाही, नुसती बघत होती, मी काय करतोय ते. मी थांबलो.

ड्रम उडाला. चांगलाच आवाज झाला. गाडी थोडी पुढे जाऊन थांबली, आणि थांबवली ती तिनंच, कारण ठोकबाईचे पाय वरच होते.

मला वाटलं आता ती रडेल. काच चढवलेली होती, आवाज येत नव्हता, पण तोंड समोर होतं. ती हसत होती. स्टिअरिंगवर डोकं टेकून, खांदे हलेपर्यंत हसत होती, आणि ठोकबाई तिच्या पाठीवर थापा मारत होती. दोघी वेड्यासारख्या हसत होत्या, एवढा मोठा ड्रम आडवा पाडून.

वर्षभर ती माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होती. त्या वर्षात ती कधी हसली का, हे मी तिथे उभ्याउभ्या आठवत राहिलो. खूप आठवून बघितलं. नाही आठवलं.

ती गाडी मागे घ्यायला लागली, पुन्हा करून बघायला. बायको म्हणाली, "हाक मारू का तिला? आता भेटेल ती."

गाडी आता दुसऱ्या ड्रमच्या रोखानं निघाली होती. नको, म्हटलं. चालवू दे तिला. आणि शेवट न बघता घरी आलो.